वरचं सप्तक

४ मार्च, रविवार

यीरू आज शिंचूहून आली ती गाडीच्या डिकीत तिचा जुना कंप्युटर घालून. माझ्या टेबलावरची अवजारांची पेटी तिने खाली ठेवली आणि तिथे तो बसवला. "बाबा, तुमच्या सगळ्या रेकॉर्डी यात उतरवून घेतल्यात. मूळच्यांना बुरशी लागत होती ना? आता बसा निवांत ऐकत." पोरीने इतके दिवस खपून हे केलं आणि मला पत्ता लागू दिला नाही. गहिवरून आलं, म्हणून तिला विचारलं, जेवलीस का.

ती गेल्यावर लावून पाहिलं. पडद्याच्या पोटातच दोन स्पीकर आहेत म्हणे. डब्यात माशी कोंडावी तसा आवाज. एक्केचाळीस वर्षं मी लोकांचे पियानो सुरात लावत आलो. माझ्या घरात हा आवाज म्हणजे आचाऱ्याच्या ताटात शिळा भात. सूयुन म्हणाली, "मला तर बरा वाटतो." बायको टपाल खात्यातून निवृत्त झालेली. तिला शिक्के मारल्याचा आवाजही बरा वाटतो.

स्पीकर घ्यायचे. चांगले घ्यायचे.

१० मार्च, शनिवार

क्वांगहुआच्या कंप्युटर बाजारात गेलो. क्वोतुंग सोबत होता. माझा शिष्य. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या झालाय, माझ्या दुकानाचा निम्मा भार त्याच्यावर आहे, तरी अजून मला उस्ताद म्हणतो आणि माझी पेटी उचलतो.

जाताना आपलं संगीत पेनड्राइव्हवर घेऊन गेलो. दुकानदार लावेल ते ऐकायचंच नाही. तो त्याच्या मालाला शोभेल तेच लावतो. दोन जोड्या ताडून बघायच्या तर दोन्हींचा आवाज सारखा ठेवायचा, कारण मोठा वाजतो तो चांगला वाटतो. वॅटच्या आकड्यांकडे बघायचं नाही. आणि पेटीवर बोटाच्या पेराने टकटक करायची. पोकळ वाजली की घरी यायचं. लाकडाचा स्वभाव पियानोत आणि स्पीकरमध्ये वेगळा नसतो.

मी नेलं होतं ते एका मैफलीचं ध्वनिमुद्रण. तो पियानो मीच लावला होता. शेवटाकडे वाजवणारी वरच्या सप्तकात चढत जाते, आणि ते सूर काचेचे मणी फरशीवर सांडावेत तसे येतात. आज पाच दुकानं पालथी घातली. एकाही जोडीत मणी नाहीत. सगळ्यांवर झाकण टाकल्यासारखं.

"काका, यातला वरच्या सुरांचा पडदा रेशमाचा आहे," विक्रेता म्हणाला.

"रेशमाचा असेल. पण झोपलाय."

क्वोतुंग हळूच म्हणाला, "उस्ताद, ही जोडी तशी बरी आहे की."

"तुझ्या कानात मळ आहे," मी म्हणालो. तो हसला. हल्ली तो माझ्याशी वाद घालत नाही. वाद घालणारा शिष्य बरा.

१४ मार्च, बुधवार

च्येन बाईंचा पियानो लावून आलो. बाई गायकवृंद चालवतात, सत्तरी उलटली आहे, पण कान सुईसारखा. त्या समाधानी असल्या की मला वर्षभर पुरतं. आज पियानोवर हात फिरवून म्हणाल्या, "छान, छान," आणि लगेच चहाचं काढलं. पूर्वी तासभर वाजवून बघायच्या. वय होतंय.

खाली चौकात आलो आणि क्वोतुंगला आठवलं, छत्री वर राहिली. मी सोयाबीनच्या दुधाचे दोन पेले रिचवले तरी याचा पत्ता नाही. छत्री आणायला एवढा वेळ! मागच्या खेपेला पियानोच्या तारा पिळायची किल्लीच विसरला होता. अवजार विसरणारा कारागीर मी पाहिलेला नाही. त्याच्या बायकोच्या कानावर घालायला हवं.

१७ मार्च, शनिवार

आज क्वोतुंगच्या ओळखीच्या फांगकडे. हा माणूस स्पीकरच्या पेट्या स्वतः बनवतो. दुकानात गोंगाट नाही, भिंतीला जाड पडदे. बसायची खुर्ची आणि दोन पेट्या यांचा तिन्ही बाजू सारख्या असा त्रिकोण त्याने आखून ठेवलाय. मी मनात म्हटलं, इथे काम होईल.

जोडीमागून जोडी लावली. खालचे सूर खांबासारखे, मधले दुधासारखे. वर मात्र तेच, झाकण.

फांग एका पेटीपाशी उभा राहून काहीतरी करत होता. "आता?"

"आता काय?"

"आता ऐकू येतं?"

"अरे, काय ऐकू येतं?"

त्याने क्वोतुंगकडे पाहिलं. क्वोतुंग म्हणाला, "फांगदादा, उस्तादांचा कान फार बारीक आहे. त्यांना सहजी काही पसंत पडत नाही."

फांगने मान हलवली आणि मला चहा दिला. दोन्ही हातांनी दिला. माणूस पारखी आहे, समोर कोण बसलंय ते ओळखतो.

२१ मार्च, बुधवार

सर्दी-ताप. नवा थर्मामीटर वाजतच नाही. काखेत धरून किती वेळ बसलो. सूयुन स्वयंपाकघरातून ओरडली, "वाजला की तो! काढ!" तिला भास होतात. बॅटरी गेली म्हणून मी तो कचऱ्याच्या पिशवीत टाकला. संध्याकाळी पाहिलं तर तिने काढून पुन्हा कपाटात ठेवलेला. म्हटलं, मोडकं सामान कशाला साठवतेस? तिने कपाटाचं दार लावून घेतलं.

१ एप्रिल, रविवार

शेवटी फांगची एक जोडी घेतली. ओकच्या लाकडाची, आतच ॲम्प्लिफायर असलेली, म्हणजे कंप्युटरला सरळ जोडता येते. घरी सगळं नेमाने केलं. पेट्या भिंतीपासून पुढे ओढल्या, नाहीतर खालचे सूर घुमतात. खाली जाडजूड पुस्तकं रचून कानाच्या उंचीला आणल्या. तोंडं माझ्या खुर्चीकडे वळवली.

झाकण आहेच.

सूयुनला म्हणालो, परत करतो. ती म्हणाली, "थांब जरा. यीरू येणार आहे ना कबरी झाडायच्या सुट्टीला? ती बघेल."

मी म्हणालो, आवाजातलं तिला काय कळतं?

५ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस लिहून ठेवायलाच हवा.

सकाळी आई-वडिलांच्या कबरी झाडून आलो. दुपारी क्वोतुंगही जेवायला होता. शेंगदाण्याचं कूट घातलेल्या गुंडाळ्या खाऊन झाल्यावर तो आणि यीरू कंप्युटरपाशी बसले आणि मला सूयुनबरोबर फळं आणायला पिटाळलं. "बाबा, तुम्ही मागे उभे राहिलात की मला सुचत नाही."

परत आलो तर यीरू म्हणाली, "बसा. ऐका."

आणि मणी! फरशीभर मणी! एक एक सूर उचलून घ्यावा असा. मी खुर्चीतून उठलोच. "काय केलंत?"

"वायर उलटी जोडली होती तुम्ही," यीरू म्हणाली.

इतकी वर्षं तारांशी संसार केलेला माणूस आणि वायर उलटी! मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. क्वोतुंगच्याही डोळ्यांत पाणी होतं. त्याने माझा हात धरला, सोडेचना. सूयुन स्वयंपाकघराचं दार लावून आत काहीतरी करत बसली. तिला संगीताचं अंग नाही, हे मी लग्नातच स्वीकारलं होतं.

१५ एप्रिल, रविवार

रोज ऐकतो. साखर विरघळावी तसा दिवस जातो. मी खुर्चीत बसलो की सूयुन नदीकाठी फिरायला जाते. खालच्या मजल्यावरचा कुत्रा मात्र वेळ ठरल्यासारखा रडायला लागतो. फांगला फोन करून आभार मानले. म्हणालो, तुमच्या पेट्यांना नावं ठेवली, माफ करा. तो "नाही, नाही, च्वांग साहेब" म्हणत राहिला. फार नम्र माणूस.

२६ एप्रिल, गुरुवार

मन ठिकाणावर नाही.

मंगळवारी मी एकट्याने बालवाडीचा पियानो लावला होता. क्वोतुंगला दुसरं काम होतं. आज तिथे राहिलेला रुमाल आणायला गेलो तर फाटकावरची बाई म्हणते, "तुमचा माणूस काल सकाळी येऊन गेला की."

"कोण माणूस?"

"तोच, उंच. बराच वेळ टण्‌टण् करत होता. मुलं वैतागली."

मी लावलेल्या पियानोला दुसऱ्या दिवशी हात लावायचं त्याला काय कारण? मला विचारलं नाही, सांगितलं नाही. आणि मग सगळं एका ओळीत दिसायला लागलं. ती विसरलेली छत्री, विसरलेली किल्ली. मी चौकात दूध पीत बसायचो आणि हा वर माझ्या गिऱ्हाइकांशी बोलायचा.

त्याला दुकान हडपायचं आहे.

२९ एप्रिल, रविवार

सूयुनला सांगितलं. वाटलं होतं, चिडेल. ती भांडी विसळत राहिली आणि म्हणाली, "क्वोतुंग तसा नाही."

"तुला काय माहीत?"

"मला माहीत आहे."

"तू त्याची बाजू का घेतेस?"

तिने नळ बंद केला. पाठमोरीच उभी राहिली. "म्हाताऱ्या, जेव आधी."

मी जेवलो नाही. पुढच्या रविवारी च्येन बाईंना बोलावलंय, स्पीकर ऐकायला म्हणून. त्या खोटं बोलणार नाहीत. क्वोतुंग त्यांना काय काय सांगतो ते काढून घेईन.

६ मे, रविवार

च्येन बाई आल्या. अननसाची खारी-गोड बिस्किटं घेऊन आल्या. सूयुनने चहा ठेवला आणि आत गेली. मी मैफल लावली. बाई पेला हातात धरून डोळे मिटून ऐकत होत्या. खालचे सूर ऐकून म्हणाल्या, "वा, पेट्या सुरेख आहेत." मी मान डोलावली. म्हटलं, थांबा, अजून मणी यायचेत.

मणी आले आणि बाईंनी पेला खाली ठेवला. कानावर हात नेला.

"कमी करा, च्वांग."

"मोठा कुठे आहे?"

"मोठा नाही. टोचतोय. पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा."

मी हसलो. "बाई, आपलं वय झालं."

"माझं झालंच. पण हे या पेट्यांचं काम नव्हे. कोणीतरी वरचे सूर ओढून भलतेच वर नेलेत. कंप्युटरमध्ये करता येतं तसं. माझ्या पुतण्याने एकदा करून दाखवलं होतं."

मी जे ठरवलं होतं तेच विचारलं. "क्वोतुंग तुमच्याकडे येतो का? माझ्या माघारी?"

"येतो की. तुम्ही खाली गेलात की येतो. वरचं दीड सप्तक पुन्हा लावून जातो." आणि मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "म्हणजे? तुमचं दोघांचं ठरलेलं नाही हे?"

"कोण म्हणालं ठरलेलं आहे?"

"सूयुनच म्हणाली. फोनवर."

त्यानंतर बाई फार वेळ बसल्या नाहीत. दारात चपला घालताना माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे." बिस्किटांचा डबा तसाच बांधलेला राहिला.

सूयुन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिला सगळं ऐकू येतं.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील."

"कोणाकोणाला माहीत आहे?"

"यीरूला. क्वोतुंगला. तू जातोस त्यातल्या काही घरांना."

"फांगला?"

ती टेबलावरचे पेले उचलायला लागली.

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"तुला सांगितलं होतं मी. पहिल्यांदा म्हणालास, माझंच डोकं फिरलंय. दुसऱ्यांदा ताटावरून उठलास आणि किती दिवस बोलला नाहीस."

"मग तिसऱ्यांदा सांगायचं होतं!"

"तिसऱ्यांदा धीर झाला नाही," ती म्हणाली. "तू कामाला निघताना गुणगुणतोस. मला वाटलं, जेवढे दिवस गुणगुणशील तेवढे..."

मी दार आपटून गच्चीवर गेलो. तिथे शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींमध्ये उभा राहिलो, कारण दुसरीकडे कुठे जाणार?

७ मे, सोमवार

काल लिहायचं राहिलं ते.

क्वोतुंगने गिऱ्हाइकं पळवली असती तर बरं झालं असतं. चोराशी भांडता येतं. चार लोक आपल्या बाजूने बोलतात. इथे माझ्या बाजूने बोलायला कोण आहे? सगळे आधीच माझ्या बाजूचे.

दोन वर्षं लोकांनी मला "वा, छान" म्हटलं. मी ते घरी आणलं, त्यावर झोपलो. ती शाबासकी दुसऱ्याच्या कामाची होती. फांगने दोन हातांनी दिलेला चहा आठवतो आणि कानशिलं तापतात. आजाऱ्याला देतात तसा दिला होता तो.

सूयुनशी बोलत नाही. ती जेवण टेबलावर ठेवते, मी ती उठल्यावर जेवतो.

९ मे, बुधवार

क्वोतुंगच्या कार्यशाळेत गेलो. एका जुन्या पियानोची हातोडी हातात घेऊन बसला होता. मला पाहून उठला. सूयुनने फोन केला असणार. एकमेकांना कळवण्यात सगळे तरबेज आहेत.

"उस्ताद, चहा..."

"तुझा चहा नको. छत्री खरंच कधी विसरलास का?"

"नाही."

"आणि किल्ली?"

"ती मुद्दाम ठेवायचो. वर जाऊन तीच लागायची ना."

मी त्याला काय काय बोललो ते लिहीत नाही. शेजारच्या सायकलवाल्याने काम थांबवलं होतं एवढं आठवतं. क्वोतुंग खाली मान घालून ऐकत राहिला. मी दमल्यावर म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, क्वोतुंगला दुकान हडपायचंय."

हेच वाक्य मी याच वहीत लिहिलंय, त्याने न सांगता.

"तुम्हीच शिकवलंत," तो म्हणाला. "बेसूर पियानो मागे ठेवून घरी जायचं नाही. लावलेला कोणीही असो."

"म्हणून माझ्या पाठीमागून?"

"समोरून कसं करणार होतो, उस्ताद? माझा हात उठला नसता."

रडत होता. मला त्याचं रडणं बघवेना आणि त्याची कीवही येईना. निघून आलो. स्कूटर चालू होत नव्हती, तर तोच धावत आला आणि त्याने किक मारून दिली. असं आहे. याच्यावर धड रागावूही देत नाही.

१३ मे, रविवार

मातृदिन. यीरू केक घेऊन आली. कोणी धड खाल्ला नाही.

"बाबा, मी केलं ते. आईने नाही सांगितलं, माझीच कल्पना," ती म्हणाली. न विचारताच आईला वाचवत होती, म्हणजे घाबरली होती.

"वायर उलटी होती म्हणालीस."

"हो."

"मी हसलो तेव्हा तुला काय वाटलं?"

ती पडद्याकडे वळली. "मला वाटलं, हे एवढंच सोपं असतं तर."

मी म्हणालो, पूर्वीसारखं कर. तिने खालच्या-वरच्या सुरांचा आवाज कमीजास्त करायच्या खुंट्या दाखवल्या, पडद्यावर असतात तशा, एका रांगेत. उजवीकडच्या सगळ्या छताला टेकलेल्या. एक एक करून तिने त्या खाली आणल्या. शेवटची आणताना मी डोळे मिटले होते. झाकण परत आलं. फांगच्या पेट्यांवर ते कधीच नव्हतं.

१८ मे, शुक्रवार

कानाच्या दवाखान्यात गेलो. एकटा गेलो. मुद्दाम कोणाला सांगितलं नाही; एकदा तरी माझ्याबद्दलची गोष्ट आधी मला कळू दे.

काचेच्या खोलीत बसवून हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. शेवटी शेवटी मी नुसता बसून होतो आणि काचेपलीकडची मुलगी अजून काहीतरी वाजवत होती, तिच्या हातावरून दिसत होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यंत्र लावलं की बोलणं चांगलं ऐकू येईल. पियानोचं विचारलं तर म्हणाल्या, "बोलणं नक्की चांगलं ऐकू येईल."

घरी येऊन गिऱ्हाइकांना फोन लावले. म्हटलं, माझ्या तोंडून कळू दे. बालवाडीच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, चालायचंच. आम्हाला सवय झालीय." हे म्हणजे माझी समजूत घालणं होतं. फोन ठेवून मी पुढचा नंबर फिरवला.

क्वोतुंगला निरोप दिला. खालची पाच सप्तकं मी लावीन. वरची तू लाव, पण माझ्यासमोर, मी शेजारी बसलेलो असताना. चौकात जाऊन मी आता दूध पिणार नाही. तो "हो उस्ताद, हो उस्ताद" म्हणत राहिला. राग गेलेला नाही, हेही त्याला सांगितलं.

२७ मे, रविवार

संध्याकाळी सूयुन खुर्ची ओढून कंप्युटरपाशी येऊन बसली. मी काही लावलं नव्हतं. मागच्या पंधरवड्यात मी त्या पेट्यांकडे पाहिलंही नव्हतं.

"मी लावू?" तिने विचारलं.

"तू? काय लावणार?"

तिने यीरूकडून एक जुनं तैवानी गाणं उतरवून घेतलं होतं. बाजारात कॅसेटवर वाजायची त्यातलं. ती लग्नाआधी टपाल कचेरीच्या रेडिओवर ऐकायची म्हणे. माझ्या घरात तिने ते कधी लावलं नाही. मी कधी विचारलंही नव्हतं की तुला काय ऐकायचंय.

गाणारी बाई स्वच्छ ऐकू आली. श्वास घेतलेला कळला. मागची सतारीसारखी तार, ढोलकं, सगळं जागच्या जागी. फांगने पेट्या खरंच चांगल्या केल्यात. सूयुन खांदा माझ्या खांद्याला लागेल अशी बसली होती. मी सरकलो नाही, तिच्याकडे वळलोही नाही.

गाणं संपलं. मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब," ती म्हणाली. "अजून आहे."

"काय आहे?"

"घंटी आहे. बारीकशी. शेवटी एकटीच वाजते." तिने एक बोट वर धरलं.

पेट्यांमधून काही येत नव्हतं. मी तिच्या बोटाकडे बघत होतो. मग तिच्या चेहऱ्याकडे. ती खरंच ऐकतेय की माझ्यासाठी थांबलीय, हे त्या चेहऱ्यावरून मला कळेना. एवढ्या वर्षांत मला तिचा चेहरा वाचता येतो अशी माझी समजूत होती. दोन वर्षं ती याच चेहऱ्याने मला वाढत होती.

बोट बराच वेळ वर होतं. मग तिने ते हळूच खाली आणलं.

"संपली?" मी विचारलं.

"संपली," ती म्हणाली.

मी बटण दाबलं.